वाचकांचे प्रश्न : जेमीच्या घरात उरलेले तिघं

मागच्या अंकात मी ‘अ‍ॅडोलेसन्स’ पाहिल्यावर झोप न आलेल्या रात्रीबद्दल जेमतेम दहा ओळी लिहिल्या आणि शेवटी सवयीनं ‘काही विचारायचं असेल तर कळवा’ असं लिहून मोकळी झाले. तुम्ही ते फारच मनावर घेतलंत. संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला तेव्हा सोबत चिठ्ठी होती : ‘ताई, यावेळी पाककृतीचं पान तुम्हाला दिलंय.’

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही ब्रिटिश मालिका चार भागांत संपते. (आपल्याकडे चार भागांत नायिकेच्या हातातला चहाचा ट्रेसुद्धा पुरता खाली पडत नाही.) उत्तर इंग्लंडमधल्या एका साध्या घराचं दार पोलीस भल्या सकाळी फोडतात आणि तेरा वर्षांच्या जेमी मिलरला अंथरुणातून उठवून नेतात. शाळेतल्या केटी नावाच्या मुलीला त्यानं भोसकून मारल्याचा आरोप असतो. पहिल्याच भागाच्या शेवटी सीसीटीव्हीचं चित्रण समोर येतं आणि ‘कुणी केलं’ हा प्रश्न तिथंच मिटतो. चौथा भाग तेरा महिन्यांनंतरचा. त्यात जेमी दिसतच नाही, फक्त फोनवर ऐकू येतो. दिसतात ते घरी उरलेले तिघं : प्लंबिंगची कामं करणारा बाप एडी, आई मँडा आणि मोठी बहीण लिसा.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की मी सव्वीस वर्षं परिविक्षा अधिकारी होते. एखाद्या मुलावर गुन्हा दाखल झाला की बाल न्याय मंडळासाठी त्याचा सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा, आणि त्यासाठी त्याच्या घरी जाऊन बसायचं. मुलं निरीक्षणगृहात, म्हणजे जुन्या भाषेत रिमांड होममध्ये, भेटायची. माझा खरा वेळ जायचा तो त्यांच्या घरांत.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का? आमच्या ग्रुपवर एका ठरावीक मुलाचं नाव फिरतंय. – एक वाचक, ठाणे

नाही. ब्रिटनमध्ये लहान मुलांनी मुलींना भोसकल्याच्या बातम्या एकापाठोपाठ आल्या, त्यांतून ही कल्पना सुचली असं स्टीफन ग्रॅहमनं सांगितलंय. त्यानं जॅक थॉर्नसोबत ती लिहिली आणि एडीही त्यानंच उभा केला. कुठल्या एका मुलाची ही गोष्ट नाही. ग्रुपवरचं ते नाव पुढं ढकलू नका.

प्रत्येक भाग खरंच एका दमात चित्रित केलाय, की मधे कुठंतरी चलाखी आहे? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

तंत्रातलं मला फार कळत नाही. माझ्या भाच्यानं मला तीनदा समजावलं तेव्हा हे लिहितेय. चलाखी नाही. कॅमेरा एकदा सुरू झाला की भाग संपेपर्यंत बंद झालेला नाही. दिग्दर्शक फिलिप बॅरंटीनी, छायाचित्रण मॅथ्यू लुईस. एकेका भागाला तीन आठवडे दिले होते. आधी नटांची तालीम, मग कॅमेऱ्यासकट सगळ्यांची, आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्यक्ष चित्रीकरण. कॅमेरा या हातातून त्या हातात, हातातून गाडीवर असा जातो. पहिल्या भागाचा दुसराच प्रयत्न वापरलाय, चौथ्याचा मात्र सोळावा. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला अडकवून शाळेवरून उडवला आणि केटी जिथं मेली तिथं उतरवला. तिथं एडी फुलं ठेवायला आलेला असतो.

मला यातली एकच गोष्ट बोलायची आहे. गृहभेटीतही ‘कट’ नसतो. बाई रडायला लागली म्हणून उठून जाता येत नाही, कुकरची शिट्टी होते, शेजारीण डोकावते, रडणं थांबतं, कुणीतरी दुधाचे पैसे मागायला येतो, तेही त्याच पाच मिनिटांत. टीव्हीवर दुःखाला नेहमी जागा करून दिलेली असते. इथं दिलेली नाही. म्हणून मला ती खरी वाटली.

गुन्हेगाराच्या घरच्यांचे एवढे लाड कशासाठी? केटीच्या आईबापांना चार भागांत एक खोलीही मिळू नये? मी ही मालिका रागानं बंद केली. – निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, राग रास्त आहे. मालिकेलाही तो ठाऊक आहे. दुसऱ्या भागात फ्रँक ही सार्जंट बाई आपल्या साहेबाला हेच ऐकवते, की आपण दिवसभर त्या मुलाच्या डोक्यात शिरायची धडपड करतोय, उद्या जेमी सगळ्यांच्या लक्षात राहील, केटी कुणाच्या नाही. ते बोलून दाखवलं म्हणून हिशेब चुकता होतो, असं मला वाटत नाही. केटीची मैत्रीण जेड त्या भागात एकटी रागानं पेटलेली फिरते, मला तिच्यामागं जायचं होतं. कॅमेरा गेला नाही.

पण मीही तेच केलंय सव्वीस वर्षं. आमच्या अहवालात मुलाच्या घराचे रकाने असतात. बापाचं व्यसन, आईची कमाई, खोल्या किती, शेजाऱ्यांचं मत. जे पोर गेलं त्याच्या घराचा रकाना नसतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका वाडीत दोन मुलांची विहिरीवर मारामारी झाली होती, एक गेला. दुसऱ्याच्या घरी मला जायचं होतं. एसटीतून उतरले, उन्हाचं डोकं गरगरत होतं, पहिल्या दिसलेल्या घरी पाणी मागितलं. बाईनं तांब्या दिला. मी पत्ता विचारला तशी तिनं हातानं दाखवलं, ‘ते निळं दार.’ मी तांब्या खाली ठेवला तर म्हणाली, ‘आणखी प्या. त्यांचं पाणी तोडलंय गावानं.’ मग त्या घरी गेल्यावर कळलं, की मला पाणी दिलं ती गेलेल्या मुलाची आई होती. तिनं मला माया म्हणून सांगितलं, की त्यांच्याकडे पाणी नाही याचं तिला समाधान होतं? मला आजही सांगता येत नाही. परतताना मी दुसऱ्या वाटेनं गेले. त्या बाईसमोरून जायचं धाडस झालं नाही.

तेव्हा सर, तुमचं बरोबर आहे. तरी चौथा भाग तेवढा पाहा.

आपल्याकडे तेरा वर्षांच्या मुलानं असं केलं तर काय होईल? – विधी महाविद्यालयातील विद्यार्थिनी, लातूर

इंग्लंडमध्ये दहाव्या वर्षापासून मुलावर गुन्ह्याचा खटला चालू शकतो, आणि खुनाचा असेल तर तो मोठ्यांच्याच न्यायालयात जातो. दोषी ठरला तर मुदत न सांगता डांबून ठेवण्याची शिक्षा. किमान किती वर्षं ते न्यायाधीश ठरवतात. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं तेरा वर्षांचा मुलगा फक्त मंडळापुढं उभा राहतो. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली निदान एक स्त्री. गुन्हा कितीही भयंकर असो, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्नच सोळा पूर्ण झालेल्यांपासून पुढं येतो, आणि तोही फक्त अतिगंभीर गुन्ह्यात. बेड्या नाहीत, कोठडी नाही, गणवेशातला पोलीस नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढं. नाव छापलं तर छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर शब्दही ‘आरोपी’ नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. आमचे हवालदार तो शब्द एका श्वासात म्हणू शकत नसत, म्हणून ‘ते पोरगं’ म्हणायचे. मला ते जास्त आवडायचं.

तू आणखी विचारलंयस, की जेमीच्या चौकशीत बाप का बसलेला असतो. तिकडे अल्पवयीन मुलाला एकट्यानं प्रश्न विचारता येत नाहीत, कुणीतरी मोठं माणूस सोबत लागतं. १९७२ साली लंडनमध्ये एका खुनाच्या प्रकरणात तीन पोरांनी पोलिसांपुढं कबुली दिली, त्यांना शिक्षा झाली, आणि १९७५ मध्ये अपिलात ती रद्द झाली. त्या ठेचेतून १९८४ चा पोलीस कायदा आला आणि हा नियम पक्का झाला. जेमीला विचारतात, कोण हवं? तो म्हणतो, बाबा. आणि मग बापाला तिथं बसून ते चित्रण पाहावं लागतं. मुलाच्या बाजूनं बसायला म्हणून आत गेलेला माणूस साक्षीदार होऊन बाहेर येतो. या नियमाचंच नाव घेतलेली एक जुनी ब्रिटिश मालिका आहे, ‘अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅडल्ट’, २०११ ची, दोनच भाग. फ्रेड वेस्ट या खुन्याच्या चौकशीत बसलेल्या स्वयंसेवक बाईची. एमिली वॉटसननं ती बाई केलीय. पोट घट्ट असेल तर बघ.

माझा मुलगा चौदाचा. शाळेतून आला की खोलीत, दार बंद. मालिका पाहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दाराची कडी काढून टाकावी का? – एक आई, नाशिक

काढू नका. कडी काढली तर तो न्हाणीघरात जाऊन बसेल.

मँडालाही हेच बोचतं, की रात्री एकला त्याच्या खोलीत दिवा दिसायचा, आणि आम्हाला वाटायचं घरात आहे म्हणजे सुखरूप आहे. पण तुम्ही दुसरा भाग पुन्हा पाहा. तपास करणारा इन्स्पेक्टर बॅस्कम केटीनं जेमीच्या इन्स्टाग्रामवर टाकलेली इमोजीची चिन्हं ‘मैत्री असेल’ म्हणून वाचतो. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत शिकतो, तो त्याला बाजूला घेऊन सांगतो, बाबा, ती चेष्टा आहे, तुम्ही उलटं वाचताय. मुलानं सांगितलं कारण बाप चारचौघांत मूर्ख ठरत होता, ते त्याला सहन होईना. तुम्हीही थोडं मूर्ख ठरा. एखादं चिन्ह चुकीच्या जागी वापरा. चिडून का होईना, दार उघडून बाहेर येईल.

रंगाच्या दुकानातला तो पोरगा एडीला म्हणतो, मी तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे. तिथं एडी एवढा का कोसळतो? आधार देणारा भेटला की! – गृहिणी, गोंदिया

तो दिवस एडीच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा. सकाळी नाश्ता व्हायच्या आत दिसतं, की कुणीतरी त्याच्या व्हॅनवर शिवी रंगवलीय. मुलांशी चाळे करणाऱ्याला तिकडच्या तुरुंगात जी शिवी देतात ती, आणि तीही चुकीच्या स्पेलिंगनं. घासून जात नाही म्हणून तिघं रंग आणायला निघतात. वाटेत गाणं लावतात, आईबाप शाळेतल्या नाचाची आठवण काढतात, थोडं हसतात. तेव्हा ते दोघं तेरा वर्षांचे होते. आणि दुकानात तो पोरगा हळूच येऊन सांगतो, मी इंटरनेटवर सगळं वाचलंय, त्यानं केलं नाही, पैसे गोळा करता येतील.

शिवी देणारा शत्रू असतो, त्याच्याशी भांडता येतं. हा तर मित्र म्हणून आला. आणि जेमीसारख्याच काळोखात बसून, मुलींबद्दलचा तोच राग इंटरनेटवर वाचत मोठा झालेला. एडीला बहुधा त्याच्यात आपलाच मुलगा दिसला, चार-पाच वर्षं मोठा झालेला. मी असे दोन ‘मित्र’ पाहिलेत. निकालाच्या दिवशी ते मंडळाबाहेर हार घेऊन आले होते. मुलाच्या आजीनं हार घेतला आणि आत येऊन मला विचारलं, ‘हे कुठं ठेवू?’

मी सव्वीस वर्षांची. दादा खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय, सात वर्षं झाली. आता मला स्थळं येताहेत. आई म्हणते, ‘तो दुबईला आहे म्हणून सांगू.’ लिसाला पाहिल्यापासून डोळ्याला डोळा नाही. दादाला भेटायला जाते तेव्हा राग येतो, नाही गेले तर अपराधी वाटतं. मी काय करू? – एक बहीण, सोलापूर जिल्हा

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. तुझं पत्र मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवलं होतं, कारण सगळ्यात आधी वाचलं होतं.

लिसाला फारसे संवाद नाहीत. बापाच्या वाढदिवसाला ती हसते, दुकानात मागं मागं चालते, कुणाच्या वाटेत येत नाही. अशा घरांतल्या बहिणींना मी ओळखते. अहवालात त्यांची एक ओळ असते, ‘बहीण, वय अमुक, शिकते.’ मी बोलत असताना चहा त्याच आणायच्या आणि दाराच्या चौकटीत उभ्या राहायच्या. आईबाप खचलेले, म्हणून खचायची पाळी त्यांच्यावर येतच नसे. तुझ्यावर आली का कधी? पत्रात दादा आहे, आई आहे, स्थळं आहेत. तू दोनच वाक्यांत आहेस.

आता दुबई. एका घरानं मुलाला ‘मुंबईला कंपनीत’ नेलं होतं. मुलीचं लग्न त्याच भांडवलावर झालं. खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला खायला घालावं लागतं. दर दिवाळीला ती आई स्वतः बाजारातून साडी आणायची आणि ‘भावानं पाठवली’ म्हणून लेकीच्या सासरी द्यायची. सहा वर्षं. मग मुलगा तुरुंगातून संचित रजेवर घरी आला, पोलीस ठाण्यात हजेरी लावताना कुणीतरी पाहिलं, आणि बातमी सासरी पोचली. सासरे मला म्हणाले होते, ‘बाई, खून मी गिळला असता. त्या सहा साड्या नाही गिळवत.’

म्हणून सांग. पाहण्याच्या कार्यक्रमात मंडळी पोहे खात असताना नको. पण बैठक बसायच्या आत, मुलाला एकट्याला, आणि मध्यस्थाकरवी नाही, तू स्वतः. दादानं काय केलं, तो कुठं आहे, आणि तो माझा भाऊ आहे, भेटायला मी जाते. एवढंच. पुढं ‘खरं म्हणजे चूक त्याची नव्हती’ असं एक वाक्य तोंडाशी येईल, ते येऊ देऊ नकोस. काही स्थळं तिथंच मोडतील. मोडू देत.

चौथ्या भागात आईबाप गाव सोडायचा विषय काढतात. लिसाच नको म्हणते. तिथंही कळेल, आणि जेमी आपला आहे. या पोरीला सोळा-सतराव्या वर्षी जे समजलं ते समजायला मला नोकरीची निम्मी वर्षं गेली. अशा घरांना जग दोनच गोष्टी विचारतं. टाकलंत का त्याला? की पाठीशी घालताय? ‘आमचा आहे’ म्हटलं की लोक त्यात ‘निर्दोष आहे’ ऐकतात. घरचेही तसंच ऐकायला लागतात, तिथून दुबई सुरू होते. लिसा पहिलं म्हणते, दुसरं म्हणत नाही. आणि शेवटाकडे एडी जेव्हा विचारतो, की ही इतकी गुणी पोर आपण कशी घडवली, तेव्हा मँडा सांगते, त्याला घडवलं तशीच. ते वाक्य तुझ्या आईला ऐकव. जमलं तर.

भेटीचं म्हणशील तर राग घेऊनच जा. तिसऱ्या भागात जेमी त्या मानसशास्त्रज्ञ बाईला शेवटी ओरडून विचारतो, मी तुला आवडतो का? (हे काम करणारा ओवेन कूपर आधी कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता. पंधराव्या वर्षी टीव्हीचा एमी पुरस्कार घेऊन गेला.) ती उत्तर देत नाही. दादाही दर मुलाखतीत तुला तेच विचारत असणार, वेगळ्या शब्दांत. जाळीपलीकडून, त्या थोडक्या मिनिटांत, त्याचं उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. शेतात काय पेरलंय ते सांग. आईचे गुडघे सांग. एखाद्या महिन्यात गेली नाहीस तर नाही गेलीस.

लग्न ठरलं तर पत्रिका मला पाठव. मोडलं तरी पत्र पाठव.

मी पंधरा वर्षांचा आहे. एक शंका. शेवटी जेमीचे बाबा त्याच्या पलंगावर पडून रडतात आणि टेडीला पांघरूण घालतात. तेरा वर्षांच्या मुलाकडे टेडी कसा असेल? मला ते पटलं नाही. – एक मुलगा, सांगली

तुझ्या माळ्यावर काय काय आहे ते आईला विचार.

मी एकदा अशाच एका घरी गेले होते. एकच खोली, मधे पडदा, पडद्यामागं मुलाची खाट. मुलगा चार महिन्यांपासून निरीक्षणगृहात. खाटेवर चादर नीट घातलेली, पण उशीला ताजा खळगा. मी बापाला विचारलं, इथं कोण झोपतं? तो गवंडी होता, हातावर सिमेंट तसंच. म्हणाला, ‘मीच झोपतो. रिकामी ठेवली की ढेकूण होतात.’

मी अहवालात लिहिलं, घर स्वच्छ आहे.